खाचरातलं इंजिन

जुलै महिन्यात पहाटे कर्जतहून कडावकडे किंवा चौकहून खालापूरकडे निघालात, तर पावसाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज ऐकू येतो. कुठल्या तरी खाचरात पॉवर टिलर चाललेला असतो. मागे डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेला माणूस, पोटरीपर्यंत चिखल, दोन्ही हातांत टिलरच्या मुठी. बांधावर आवणाच्या मुठी बांधून बायका थांबलेल्या असतात. तो आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक असतं. आवाज बंद पडला, की बांधावरची सगळी माणसं एकदम मान वर करून बघतात.

मंडळी, आज मला त्या आवाजाविषयी बोलायचं आहे. नेमकं सांगायचं तर तो आवाज बंद पडल्यावर पुन्हा सुरू कसा होतो आणि आमच्या भागात तो कोणी सुरू ठेवला, याविषयी.

माझे वडील इंजिनांचे मिस्त्री होते. तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी त्यांचा दहा बाय बाराचा गाळा होता. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता करू लागलो. अब्बांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. ‘कवितेला चालू-बंद करायचा खटका नसतो, मग ती बिघडली हे कळतं कसं?’ असं ते विचारत. मला आजही नीट उत्तर देता येत नाही. पण त्यांच्या गाळ्यातल्या जुन्या खतावण्या माझ्याकडे आहेत आणि त्या वाचताना वाटतं, की आपल्या भागाचा एक मोठा इतिहास या तेलकट पानांत पडून आहे. इतिहासाच्या पुस्तकात शोध लागतात, कारखाने उभे राहतात, उद्घाटनं होतात. दुरुस्तीला मात्र त्यात जागा नसते.

वीज गेली मुंबईला

गोष्ट सुरू होते ती विजेपासून. घाटावर लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी धरणं बांधली आणि ते पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खाली खोपोलीला सोडलं. १९१५ साली खोपोलीचं वीजगृह सुरू झालं. त्यानंतर १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं वीजगृह सुरू झालं. देशातल्या पहिल्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांपैकी दोन आमच्या खालापूर आणि कर्जत तालुक्यांत आहेत, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

पण ही वीज तयार झाली ती मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी. आमच्या शेतांवरून तारा गेल्या, डोंगरांवर मनोरे उभे राहिले, आणि खाली गावात रॉकेलची चिमणी जळत राहिली. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने नेमके हेच मनोरे तोडले. मुंबईच्या कारखान्यांची वीज तोडायची, म्हणजे युद्धाला मदत करणारं उत्पादन थांबेल, असा तो विचार होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. हा प्रसंग शाळेत शिकताना माझ्या मनात एक साधी गोष्ट आली होती. मनोरे पडले तेव्हा अंधार व्हायचा तो मुंबईत. ज्या खेड्यांवरून त्या तारा जात होत्या, त्यांतल्या बहुतेकांना वीज जाणं म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं, कारण ती आलेलीच नव्हती.

विजेने आम्हाला एक गोष्ट मात्र दिली, ती म्हणजे पाणी. जनित्रं फिरवून झाल्यावर खाली सुटणारं पाणी वाया जात नाही. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं. भिवपुरीचं पाणी पेज नदीत येतं आणि पुढे राजनाला कालव्याने शेतांत जातं. ज्या कोकणात शेती म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, तिथे कर्जतच्या या पट्ट्यात उन्हाळी भात होऊ लागलं. कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या ‘कर्जत’ नावाच्या भातजाती कोकणभर गेल्या. पाणी आणि बियाणं असं जुळलं, की वर्षाला दोन चिखलण्या आल्या, एक जुलैत पावसाच्या पाण्यावर आणि दुसरी जानेवारीत कालव्याच्या पाण्यावर. बैलांच्या मानेवर दुप्पट काम आलं. इंजिनाला जागा तयार झाली ती इथे.

तेलावर चालणारं

टिलरच्या आधी आमच्याकडे इंजिन आलं ते भाताच्या गिरणीत आणि नदीकाठच्या पंपावर. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग इथे यशस्वी ठरलं. त्यातली युक्ती ऐकायला साधी आहे. हवा सोळा-सतरा पट दाबली, की ती इतकी तापते, की तीत उडवलेलं तेल ठिणगीशिवाय पेटतं. म्हणजे ठिणगीचा प्लग नको, बॅटरी नको. ज्या गावात वीज नाही, तिथे याहून सोयीचं काय असणार?

इंग्लंडमधल्या डर्स्ले गावच्या लिस्टर कंपनीची संथ चालीची इंजिनं जगभर गेली. पुढे राजकोटच्या कारखानदारांनी त्याच धर्तीची इंजिनं बनवायला घेतली आणि ती खेडोपाडी पोचली. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, नंतर लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या काळात, १९४६ साली, पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. साताऱ्याचा कूपरांचा कारखानाही नांगरांकडून इंजिनांकडे वळला. नांगर करणाऱ्या दोन्ही घरांनी पुढे इंजिनं करावीत, यात नवल नाही. दोघांचं गिऱ्हाईक एकच होतं.

अब्बा न बघता आवाजावरून इंजिन ओळखत. राजकोटचं संथ इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घेतं. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे ठोके. ते ठोके कानाला वेगवेगळे ऐकू येतात. पाच अश्वशक्तीचं किर्लोस्कर पंधराशे फेऱ्यांचं. त्याचे साडेसातशे ठोके एकमेकांत मिसळून जातात. ‘हे चालतंय आणि ते पळतंय,’ असं अब्बा म्हणायचे.

गिरणी आली तेव्हा गावात सर्वांत जास्त आनंद बायकांना झाला, असं माझी अम्मी सांगे. त्याआधी भात उखळात कांडावं लागे. पहाटे उठून मुसळ हातात घ्यायचं, तेव्हा दिवसाचा तांदूळ निघायचा. गिरणीच्या इंजिनाने ते मुसळ खाली ठेवायला लावलं. म्हणून गिरणीचं इंजिन बंद पडलं, की अब्बांना बोलवायला पुरुष येत, पण घाई लावणारा निरोप घरातल्या बायकांचा असे.

मिस्त्री कुठून आले?

इंजिनं कारखान्यातून आली, पण ती उघडून बघणारी माणसं कुठून आली? आमच्या भागापुरतं याचं एक उत्तर रेल्वे हे आहे. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण खुली झाली. घाट चढायचा तर गाडीला जादा इंजिन लागतं आणि ते कर्जतला लागतं. त्यामुळे या गावात कित्येक पिढ्या फिटर, फायरमन, खलाशी राहत आले. नेरळहून १९०७ साली माथेरानची छोटी गाडी सुरू झाली, ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी ती उभी केली. तिच्या वाफेच्या इंजिनांची निगा राखायलाही माणसं लागली. अब्बांचे उस्ताद हे रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर होते. त्यांनी अब्बांना पहिलं वर्षभर फक्त धुवायला लावलं. सुटा भाग रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा आणि ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने फडक्यावर मांडायचा. ‘उघडणं सोपं, मांडणं अवघड,’ असं त्या उस्तादांचं म्हणणं.

खोपोलीला पुढे कारखाने आले. त्यांतल्या लेथवर काम शिकलेली पोरं बाहेर पडून स्वतःची दुकानं टाकू लागली. त्यांत आगरी होते, कुणबी होते, मराठे होते, आमच्यासारखे मुसलमान होते, पंजाबातून आलेला एखादा सरदारजीही होता. गाळ्यात जात विचारली जायची नाही. ‘हात कुणाचा?’ एवढं विचारलं जायचं, म्हणजे तुझा उस्ताद कोण.

दोन चाकांचा बैल

मोठा ट्रॅक्टर आमच्या खाचरांत पूर्वी फारसा उतरला नाही. खाचर लहान, बांध उंच आणि एका खाचरातून दुसऱ्यात जायला वाट नाही. ही अडचण फक्त आपली नव्हती. जपानमध्येही भातशेती अशीच तुकड्यातुकड्यांची. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर मागून चालत हाकायचे छोटे ट्रॅक्टर घरोघरी झाले. जमीन फाळाने उलटण्याऐवजी फिरत्या पात्यांनी घुसळायची, ही कल्पना त्याआधीची. ऑस्ट्रेलियात आर्थर हॉवर्ड नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने १९१२ च्या सुमारास त्यावर प्रयोग सुरू केले होते. इंग्लंड-अमेरिकेत असल्या यंत्रांना बागेचे ट्रॅक्टर म्हणतात आणि तिथले लोक सुट्टीच्या दिवशी हौसेने जुनी इंजिनं उघडून बसतात. आपल्याकडे मात्र त्यावर घर चालायचं.

भारतात १९६० च्या दशकात जपानी सहकार्याने पॉवर टिलर बनू लागले. बंगळुरूची व्हीएसटी कंपनी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिली. केरळ सरकारची कॅम्को १९७३ मध्ये स्थापन झाली, तिचा टिलर कुबोटाच्या सहकार्याचा. दोन्हींचं बारा-तेरा अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन. कोकणातल्या शेतकऱ्याने ते हळूहळू स्वीकारलं. एकाने घ्यायचा आणि तासावर गावभर चालवायचा, असा रिवाज पडला.

टिलर चालवणं सोपं नाही. पाती साधारण दोन फुटांचा पट्टा घुसळतात. एक एकर एकदा पूर्ण करायचं तर हिशेबाने साडेसहा किलोमीटरच्या वर चालावं लागतं, तेही गुडघाभर चिखलातून. एका चिखलणीला अशा दोन-तीन फेऱ्या होतात. माणूस थकतो, तसंच इंजिनही झिजतं.

झीज म्हणजे काय?

इंजिन मरतं ते बहुधा धुळीने आणि घाणेरड्या तेलाने. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर टिलर चालला, हवेच्या गाळणीतलं तेल बदललं नाही, की बारीक धूळ आत जाते आणि पॉलिश पेपरचं काम करते. सिलिंडरचा आतला लोखंडी गळा, ज्याला आम्ही लायनर म्हणतो, तो झिजतो. पिस्टनच्या रिंगा झिजतात. दाब टिकत नाही. हँडल मारताना पूर्वी हाताला जो विरोध लागायचा, तो लागत नाही. धूर बोलू लागतो. निळा धूर म्हणजे वंगण जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, थंड इंजिनाचा पांढरा म्हणजे डिझेल पेटतच नाही.

लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर जाऊन जिथे क्षणभर थांबतो आणि परत फिरतो, तिथे वंगणाचा थर सर्वांत पातळ आणि जळत्या वायूचा दाब सर्वांत जास्त. झीज तिथेच अधिक. त्याच्या वर मात्र रिंग पोचतच नाही, म्हणून तेवढा काठ कोरा राहतो. परिणामी लायनरच्या तोंडाशी आतून एक कंगोरा तयार होतो. डोळ्याला तो पटकन दिसत नाही. नख फिरवलं की अडकतं.

हे मोजायचं कसं? आतला व्यास मोजायचं महागडं उपकरण अब्बांकडे नव्हतं. ते एक रिंग घेत आणि पिस्टनच्या पाठीने ढकलून लायनरच्या तळाशी, जिथे झीज नसते तिथे, सरळ बसवत. रिंगेच्या दोन टोकांमध्ये जी फट राहते, ती पत्र्याच्या पट्ट्यांच्या गेजने मोजत. मग तीच रिंग वर, झिजलेल्या जागी बसवून पुन्हा फट मोजत. दोन्हींतला फरक काढून त्याला तिनाने भागत. ‘इतका व्यास वाढला,’ असं सांगत. समजा खाली फट ०.४० मिलिमीटर आणि वर १.३० आली, तर फरक ०.९०, म्हणजे व्यास सुमारे ०.३० मिलिमीटरने वाढला. माझ्या मनात यायचं, तिनानेच का? कॉलेजात गेल्यावर एके दिवशी डोक्यात उजेड पडला. परीघ म्हणजे व्यासाच्या बावीस सप्तमांश पट. फट परिघात वाढते, व्यास त्याच्या तिसऱ्या हिश्शाने. चौथीत शाळा सोडलेला माझा बाप रोज भूमिती करत होता.

त्या मापावर पुढचं ठरायचं. झीज थोडी असेल तर ‘हाफ काम’: रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचे, नोझल तपासून घ्यायचं. जास्त असेल तर ‘फुल काम’: लायनर, पिस्टन, बुश नवे आणि क्रँक खोपोलीला नेऊन घासून आणायचा. शेतकऱ्याला अर्थातच हाफ काम हवं असे. मापाला मात्र त्याचा खिसा माहीत नसतो. हे कसं सांगायचं, हीच मिस्त्रीची खरी परीक्षा. ‘दादा, या हंगामाला मी पास करून देतो, पण दिवाळीनंतर इंजिन माझ्याकडे यायला हवं,’ असं अब्बा सांगत. पैसे सुगीवर मिळत, कधी तांदळाच्या रूपात. खतावणीत ‘दोन मण, बाकी पुढच्या साली’ अशा नोंदी पानापानावर आहेत.

‘आपली चूक’

१९९४ च्या जुलैतली गोष्ट. मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो आणि तोवर गाळ्यात बसत होतो. आमच्याकडे काही इंजिनांची इंग्रजी माहितीपुस्तकं होती. ती मीच अब्बांना वाचून मराठीत सांगत असे. त्यामुळे मला थोडा गर्वही चढलेला होता. अब्बा एक क्रँक घेऊन खोपोलीला गेले होते. दुपारी एक कुणबी शेतकरी टेम्पोत टिलर घालून आला. चिखलणी अर्धी झालेली, निळा धूर, इंजिन ओढत नाही. आवण बावीस-तेवीस दिवसांचं झालेलं. भाताचं रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं असताना लावलं तर चांगले फुटवे धरतं. त्यापुढे दर दिवसाला पीक घटतं. तो माणूस अक्षरशः हात जोडत होता.

मी इंजिन उघडलं. फट मोजली, हाफ कामावर निभेल असं ठरवलं. नव्या रिंगा आणि खालचे नवे बुश टाकून संध्याकाळी इंजिन सुरू करून दिलं. आवाज खणखणीत. तो आनंदाने गेला. मीही खूश होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिलर परत आला, तो ढकलत. वरची रिंग तुटली होती आणि तिच्या तुकड्याने लायनरवर खोल ओरखडे ओढले होते. अब्बांनी लायनरच्या तोंडातून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, ‘नखाला लागलं नाही का तुझ्या?’ जुनी रिंग झिजून त्या कंगोऱ्याखाली गोल होऊन बसलेली असते. नवी रिंग धारदार काठाची. त्यात नवे बुश टाकले, की पिस्टन केसभर वर जातो. मी कंगोरा काढलाच नव्हता. नवी रिंग मिनिटाला हजारावर वेळा त्यावर आपटत राहिली. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. मी ते मराठीत वाचूनही दाखवलं होतं.

आता फुल काम, आणि त्या मापाचा लायनर पुण्याहून आणायचा म्हणजे तीन दिवस. अब्बांनी कुणाशी वाद घातला नाही. संध्याकाळी ते पावसात शेजारच्या वाडीवर गेले आणि भाड्याने दोन बैलजोड्या ठरवून आले. त्या शेतकऱ्याची उरलेली चिखलणी बैलांनी झाली, भाडं आम्ही दिलं. लायनर-पिस्टनही आम्ही टाकून दिला. एवढे पैसे गाळ्यात नव्हते, अम्मीची एक बांगडी गहाण पडली. मला कुणी रागावलं नाही, आणि तेच जास्त जड गेलं.

त्या दिवसाची नोंद खतावणीत आहे. गिऱ्हाइकाच्या नावापुढे ‘लायनर, पिस्टन, बैलभाडं’ आणि रकमेच्या जागी ‘आपली चूक’. ‘मुलाची चूक’ असं त्यांनी लिहिलेलं नाही.

बुडालेली इंजिनं

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली हे सगळ्यांना आठवतं. त्या दिवशी उल्हास नदीलाही महापूर आला आणि तिच्या काठावरची आमची खेडीही पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर गाळ्यासमोर पंप, टिलर, गिरणीची इंजिनं यांची रांग लागली. बुडालेल्या इंजिनाला हँडल मारायचं नसतं. पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढायचं, आतलं पाणी बाहेर येऊ द्यायचं, सगळं तेल बदलायचं, डिझेलची टाकी आणि गाळण्या रिकाम्या करायच्या, मगच हाताने हळू फिरवून बघायचं. अब्बा तेव्हा थकले होते. ते खुर्चीवर बसून नुसतं ‘हँडलला हात लावू नका’ एवढंच येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. त्या एका वाक्याने किती इंजिनं वाचली, त्याची नोंद कुठेच नाही.

आज

आता चित्र बदललं आहे. गावागावात वीज आहे, गिरण्या मोटारीवर चालतात. शेतजमिनी फार्महाऊससाठी विकल्या जाऊन खाचरांच्या जागी कुंपणं आली. मधल्या काळात स्वस्त चिनी टिलर आले. त्यांचे सुटे भाग मिळेनात, तेव्हा मिस्त्रींनी दोन टिलर मोडून एक उभा करायला सुरुवात केली. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉवर टिलरच्या आयातीवर निर्बंध घातले. आमच्याच तालुक्यात, नेरळच्या सगुणा बागेत, चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणीच नको अशी भात लागवडीची पद्धत रूढ केली. गादीवाफे एकदा करायचे, त्यावर बी टोकायचं, जुन्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची. ज्यांनी ती स्वीकारली, त्यांना दर साली टिलर चिखलात घालावा लागत नाही. मिस्त्रीच्या मुलाने याचं वाईट वाटून घेऊ नये. इंजिन शेतीसाठी असतं, शेती इंजिनासाठी नसते.

वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. नवी यंत्रं उघडता येऊ नयेत अशीच बनवलेली असतात. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही हा जाच झाला. आपलाच ट्रॅक्टर आपल्याला दुरुस्त करता यावा, यासाठी तिथे भांडण उभं राहिलं आणि कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्यांना तो हक्क देणारा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारंही आहेत. कायदा होईल तेव्हा होवो. पण हक्क मिळाला आणि दुरुस्त करणारा हातच उरला नाही, तर त्या कागदाचं करायचं काय? आमच्या बाजारात एके काळी इंजिनांची चार दुकानं होती. आता एक आहे, आणि तेही मुख्यतः मोटारसायकलींचं. तिथला मुलगा हुशार आहे. परवा मी त्याला रिंगेची फट आणि तिनाने भागायचा हिशेब सांगितला. त्याने मोबाइल काढून तो लिहून घेतला.

माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा मिस्त्री असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसा. त्याला इंजिन कसं चालतं हे विचारू नका, ते पुस्तकात आहे. कुठलं इंजिन कोणाचं होतं, ते कधी बंद पडलं, त्या साली पाऊस कसा होता आणि पैसे कधी मिळाले, हे विचारा. आणि त्याची वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका.

अब्बांच्या खतावण्या मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या आहेत. पावसाळ्यात त्यांना वास सुटतो, डिझेलचा आणि ओल्या कागदाचा. तेव्हा त्या बाहेर काढून पंख्याखाली वाळवतो आणि दर वेळी १९९४ च्या जुलैचं पान उघडून बघतो. शाई फिकी झाली आहे, पण ते दोन शब्द अजून नीट वाचता येतात.